बोहनीचा नंबर

अकोल्याच्या जुन्या शहरात शेखरचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नसे. 'कोडवाला शेखर' एवढं म्हटलं की पानठेल्यावरचा माणूससुद्धा हातानं गल्ली दाखवायचा. बटनांचा जुना मोबाईल कसाही अडून बसला, लॉकचा आकडा विसरला, कुठल्या भलत्याच भाषेत गेला, नातवानं काहीतरी दाबून ठेवलं, की लोक तो रुमालात गुंडाळून शेखरकडे आणायचे. शेखर मोबाईल हातात घ्यायचा, डाव्या पंज्यानं पडदा झाकायचा आणि उजव्या अंगठ्यानं खटाखट काहीतरी दाबायचा. पंजा काढला की मोबाईल सुतासारखा सरळ झालेला असायचा. गिऱ्हाईक तोंडाचा आ करून बघत राहायचं.

आता त्यात जादू कसली आली आहे? अर्ध्या मोबाईलांचं कुलूप एक-दोन-तीन-चार-पाच एवढ्यावर उघडायचं, कारण कंपनीनं घातलेला आकडा कोणी बदललेलाच नसायचा. बाकीच्यांसाठी शेखरजवळ एक वही होती. कोणत्या कंपनीच्या मोबाईलला कोणते स्टार, हॅश आणि आकडे दाबले की आतलं गुप्त पान उघडतं, कोणते दाबले की सगळं पुसून नव्यासारखं होतं, हे त्यानं त्यात बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं. ती वही त्यानं बायकोलाही, पौर्णिमालाही, कधी उघडून दाखवली नाही. झाकून ठेवणं हाच आपला धंदा, असं तो हसत हसत म्हणायचा आणि लोकही हसायचे.

पंधराएक वर्षांमागं त्याच्या या दुकानावर जत्रा लोटली होती. तेव्हा बाजारात चायना मोबाईलचा सुळसुळाट झाला होता. दोन सिम, मोठा आवाज, टॉर्च, रेडिओ, सगळं काही त्यात. फक्त एक गोष्ट नव्हती. चांगल्या कंपनीच्या प्रत्येक मोबाईलच्या पोटात पंधरा आकड्यांचा एक नंबर असतो. तो सिमकार्डाचा नव्हे, यंत्राचा असतो, आणि एकाचा नंबर दुसऱ्याला नसतो. चायनावाल्यांच्या पोटात नुसती शून्यं. सरकारचा हुकूम निघाला की असे मोबाईल अमुक तारखेपासून बंद. झालं! दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव, कुठून कुठून लोक मोबाईल घेऊन शेखरच्या दारात येऊन बसले.

नंबर टाकायची युक्ती शेखरला ठाऊक होती. पण टाकायचा कोणता? रीतसर नवा नंबर घ्यायचा तर शहराच्या त्या टोकाला रांग लावावी लागत होती. तेवढ्यात आई आली. गंगूबाई रोज सकाळी भाजीबाजारात जाण्याआधी दुकानात यायची आणि आपल्या टोपलीतली कोथिंबिरीची एक जुडी काउंटरवर ठेवायची. ती ठेवली की मगच शेखर दिवसाचं पहिलं काम हातात घ्यायचा. बोहनी आईच्या हातची, हा त्या दुकानाचा नेम होता. गंगूबाईजवळ चांगल्या कंपनीचा, खऱ्या नंबराचा मोबाईल होता. शेखरनं तो मागून घेतला, स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं आणि पडद्यावर आले ते पंधरा आकडे एका कागदावर उतरवले.

"आज बोहनी तुह्याच नंबरानं करतो," तो म्हणाला.

आपल्या नंबरानं लोकांचं भलं होत असेल तर खुशाल कर, असं म्हणून माउली टोपली घेऊन चालती झाली. शेखरनं पहिल्या मोबाईलात तो नंबर टाकला. मोबाईल चालू राहिला. दुसऱ्यात टाकला, तोही चालू राहिला. मग दुसरा नंबर शोधायच्या फंदात तो पडलाच नाही. आईचा नंबर लाभला म्हणायचा, आणि टाकायचा. पंज्याखाली काय चाललंय ते कोणाला कळत नव्हतंच. हे बेकायदा आहे हे त्याला माहीत होतं, पण तेव्हा जो तो काही ना काही करतच होता. असे किती मोबाईल त्यानं केले याचा हिशेब त्याच्याजवळही नव्हता.

बरं, पुढं टचस्क्रीनचे मोबाईल आले, चायनाचे डबे लोकांनी भंगारात घातले असतील असं तुम्हाआम्हाला वाटेल. तसंच शेखरलाही वाटायचं. पण म्हाताऱ्या माणसांना बटनंच लागतात, आणि त्यांचे डबे वर्षानुवर्षं नवी बॅटरी, नवा स्पीकर टाकून जिवंत ठेवणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता. तो म्हणजे शेखर स्वतःच.

यंदाच्या हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी, गंगूबाई अमरावतीला निघाली. लेक हर्षा तिकडे दिलेली होती. दर दोन महिन्यांनी मेथी, गवार, आवळे असं पिशवीभर घेऊन म्हातारी पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरायची आणि तिथून ऑटोनं लेकीकडे जायची. सत्तरी उलटली होती, पण पाय घट्ट होते. शेखरनंच तिला गाडीत बसवून दिलं. वाटेत तिनं हर्षाला फोन केला, कुरूम स्टेशन गेलं, आता येऊनच राहिली. त्यानंतर तिचा तोच जुना मोबाईल बंद झाला. म्हातारी लेकीकडे पोचलीच नाही.

हर्षा आणि तिच्या नवऱ्यानं दिवसभर बडनेऱ्याचं स्टेशन पालथं घातलं. ऑटोवाले, चहावाले, कुली, सगळ्यांना फोटो दाखवला. गर्दीच्या वेळी म्हाताऱ्या बाया काय एक उतरतात? कोणाला आठवेना. शेखर दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या पोलिस ठाण्यात गेला. तिथं हवालदार सहदेव नावाचे वयस्क गृहस्थ होते, माणूस मायाळू. त्यांनी सांगितलं की सिम बंद असलं तरी हरकत नाही. यंत्राचा नंबर असेल तर त्यात कोणी दुसरं सिम घातलं तरी जागा कळते. पावती आहे का, खोकं आहे का, असं ते विचारत होते तोच शेखरनं ते पंधरा आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले. सहदेवांनी कौतुकानं त्याच्याकडे पाहिलं. नंबर पक्का आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"पक्का हाय साहेब. माह्या मायचाच हाय."

खोटं नव्हतं ते. त्या वेळी त्याच्या डोक्यात आई सोडून दुसरं काही नव्हतं, आणि पंधरा वर्षांमागची ती जत्रा त्याला आठवलीसुद्धा नाही. देवाशपथ नाही.

बुधवारी सकाळी एका सिमकार्ड कंपनीकडून उत्तर आलं. ते यंत्र चालू होतं, आणि दर्यापूरजवळच्या एका गावात होतं. शेखरचा जीव भांड्यात पडला. आई चुकून भलत्याच गाडीत बसली असेल, कोणा भल्या माणसाच्या घरी असेल, तिनं कोणाचं तरी सिम घातलं असेल, असं सगळं त्यानं वाटेतच रचून टाकलं. मोटारसायकलवर बसता बसता त्यानं हर्षाला फोन लावला. हर्षानं अमरावतीतल्या दवाखान्यांची यादी केली होती आणि सकाळपासून ती एकेक पाहत फिरत होती. शेखरनं तिला घरी जायला सांगितलं. आई दर्यापूरकडे आहे, नंबर बोलून राहिला, तू उगाच दवाखाने कायले फिरतं, असं तो जवळजवळ ओरडलाच. हर्षा फोनवर रडली, हसली आणि घरी गेली. तिकडे सहदेवांनीही बडनेऱ्याच्या पोलिसांना कळवलं की बाई पुढं गेलेली दिसते, तिथली शोधाशोध थांबवा.

गावात पोचल्यावर तासभर विचारपूस करत तो एका घरापाशी आला. ओट्यावर जानराव नावाचे म्हातारे मोठ्या आवाजात कोणाशी तरी मोबाईलवर बोलत होते. शेखरला बघून त्यांनी बोलणं आवरतं घेतलं, आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अरे, कोडवाले! तुमीच तं याच्यात नंबर टाकून देल्ला होता. आजपावतर बंद नाई पडला पाहा."

शेखरनं मोबाईल मागून घेतला. सवयीनं डावा पंजा पडद्यावर गेला. पाच बटनं दाबली आणि त्यानं पंजा हळूच उचलला. पंधरा आकडे. आईचेच.

जानराव चहा ठेवायला सांगत होते, सुनेला हाका मारत होते, याच माणसानं आपला फोन वाचवला म्हणून शेजाऱ्याला ओळख करून देत होते. शेखर तो चहा प्यायला. चार वाजले होते. आई इथं नाही, कधी नव्हती, आणि त्या नंबराच्या मागं लागून ती कधीच सापडणार नाही, हे त्याला तिथंच, त्या ओट्यावर, लख्ख कळलं.

आता या घडीला त्यानं काय करायला हवं होतं, हे शेंबड्या पोरालाही सांगता येईल. सहदेवांना फोन लावायचा, हर्षाला फोन लावायचा, आणि झालेलं ओकून टाकायचं. त्यानं मोबाईल खिशातून काढलाही. पण यंत्राचा नंबर बदलणं म्हणजे तुरुंग, हे त्याला ठाऊक होतं. दुकान जाईल. पौर्णिमा आणि पोरं उघड्यावर येतील. ज्या गावात लोक चहा पाजतात त्या गावात लोक दगड मारतील. आणि त्याहून वाईट म्हणजे, मनात एक चोर बसला होता, तो म्हणायचा की थांब. आईचा फोनही कधीतरी चालू होईलच, मग खरी जागा कळेल, मग हे सांगायची गरजच पडणार नाही. शेखरनं मोबाईल परत खिशात टाकला. सहदेवांना त्यानं संध्याकाळी सांगितलं की तिथं कोणी भेटलं नाही. हर्षाला सांगितलं की आई तिथून पुढं गेली म्हणतात. "म्हणतात" हा शब्द त्यानं घातला, म्हणजे खोटं आपल्या अंगावर येणार नाही. काय म्हणावं या माणसाला!

शुक्रवारी दुसऱ्या कंपनीचं उत्तर आलं. यंत्र मूर्तिजापूरला. सहदेवांनी आनंदानं फोन केला. शेखरला जावंच लागलं. रेल्वे फाटकापाशी फुलं विकणाऱ्या मैनाबाईच्या गल्ल्यात तसलाच एक डबा होता, आणि त्याच्या पोटात तेच पंधरा आकडे होते. कोडवाल्याला ओळखून मैनाबाईनं त्याच्या हातात एक हार ठेवला, पैसे घेतले नाहीत. शेखर तो हार हातात धरून फाटकापाशी बराच वेळ उभा राहिला.

सोमवारी तिसऱ्या कंपनीकडून कळलं, यंत्र चिखलदऱ्याला. आता मात्र खुळ्या आशेनं त्याचा ताबा घेतला. एवढ्या वर डोंगरात आपण कधी मोबाईल केल्याचं त्याला आठवत नव्हतं. हा आईचाच असणार. चोरानं नेला असेल, विकला असेल, पण त्या चोराला तरी आई कुठं दिसली ते ठाऊक असेल. घाट चढताना तो तोंडानं देवाचं नाव घेत होता. वर कॉफीच्या बागेत राखणीला असलेल्या एका माणसानं खिशातून मोबाईल काढला आणि सांगितलं की हा सासऱ्याचा, ते अंजनगावचे, त्यांनी अकोल्याला नंबर टाकून घेतला होता. शेखर तिथंच बांधावर बसला आणि ढसाढसा रडला. राखणदार बिचारा पाणी घेऊन आला.

इकडे अकोल्यात वेगळंच चालू झालं. सहदेवांनी कागदावर गावं मांडली आणि त्यांना एक चित्र दिसू लागलं. म्हातारी फिरते आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, चिखलदरा. सिम बदलते आहे, आणि कोणाला सापडायचं नाही असं तिनं ठरवलेलं दिसतंय. त्यांनी शेखरला बाजूला घेऊन मऊ आवाजात विचारलं की घरात काही भांडण झालं होतं का. शेखरनं मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा जो अर्थ निघायचा तो निघाला. दोन दिवसांत गल्लीभर झालं की सुनेनं सासूला घराबाहेर काढलं. भाजीबाजारातल्या बायांनी पौर्णिमाशी बोलणं टाकलं. सोळा वर्षं सासूच्या पाठीला तेल लावणारी पौर्णिमा स्वयंपाकघरात बसून राहायची, आणि शेखर तिच्यासमोर भाकरी मोडून खायचा. त्या दिवसांत त्याला स्वतःचा इतका तिटकारा आला होता की दाढी करताना तो आरशात बघत नसे.

शुक्रवारी दुपारी हर्षाचा फोन आला. ती पौर्णिमाला वाट्टेल ते बोलली. माझ्या मायला तू रस्त्यावर आणलं, असं बोलली. पौर्णिमानं सगळं ऐकून घेतलं, फोन खाली ठेवला आणि शेखरकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं त्याला सोसलं नाही. तो उठला आणि चपला न घालताच ठाण्यात गेला. सहदेवांच्या टेबलापुढं उभा राहून त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. दुकानातली जत्रा, आईचा नंबर, जानरावांचा ओटा, सगळं.

सहदेव ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती फोनात टाकला?"

"मोजले नाई साहेब. चार-पाचशे असतीन."

"म्हणजे आमी दहा दिवसापासून तुमच्या मायले पाहूनच नाई राहिलो," सहदेव म्हणाले. "तुमचे गिऱ्हाईक पाहून राहिलो."

मग त्यांनी फोन उचलला. बडनेऱ्याला लावला, अमरावतीला लावला. अर्ध्या तासाच्या आत पत्ता लागला. एवढाच वेळ लागणार होता. सोमवारी, म्हणजे पहिल्याच सोमवारी, बडनेऱ्याला स्टेशनच्या पायऱ्यांवर एक म्हातारी घसरून पडली होती. डोक्याला मार लागला होता. कोणीतरी तिला ऑटोत घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. नाव माहीत नाही, सोबत पिशवी नाही, मोबाईल नाही. 'अनोळखी स्त्री, वय अंदाजे सत्तर' अशी नोंद. पुढचं सहदेवांना सांगावंच लागलं. बाई परवा, बुधवारी पहाटे गेली.

शेखर आणि पौर्णिमा अमरावतीला पोचले तेव्हा हर्षा तिथं आधीच आलेली होती. शवागारात तिनं आईला ओळखलं होतं. शेखरनंही ओळखलं. आईच्या हनुवटीवरचं गोंदण तेवढं पहिल्यासारखं होतं, बाकी ती फार लहान दिसत होती. तो पायांशी बसला आणि त्यानं तिचे तळवे दोन्ही हातांनी धरले. ते इतके थंड होते की त्याला आपलेच हात चटका बसल्यासारखे वाटले.

वॉर्डातल्या नर्सबाई, संध्या त्यांचं नाव, स्वतःहून तिथं आल्या. त्यांनी सांगितलं की बाईंचा एक हात आणि वाचा गेली होती, पण शुद्ध होती. डॉक्टरांनी पुष्कळ केलं. पहिल्या आठवड्यात तर चार घास पेज घ्यायच्या. दार वाजलं की तिकडं बघायच्या. कोणी नसलं की पुन्हा छताकडं. आपलं माणूस येईल अशी त्यांची खात्री होती, असं नर्सबाई म्हणाल्या, आणि आपण असं बोलायला नको होतं हे लक्षात येऊन वॉर्डात परत गेल्या.

हर्षाच्या डोळ्यांतलं पाणी आटलं होतं. ती पौर्णिमाजवळ गेली आणि तिनं तिचा हात धरला. माफी मागायला तिला शब्द सापडला नाही, आणि पौर्णिमानंही तो मागितला नाही. मग हर्षा भावाकडे वळली. नंबराची गोष्ट सहदेवांनी तिला फोनवर थोडक्यात सांगितली होती. पण एक गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती.

"दादा," हर्षा म्हणाली, "त्या बुधवारी तुहा फोन आला तवा मी याच दवाखान्याच्या गेटापाशी होती. तू म्हणाला घरी जाय, मी गेली. ते तुले मालूम नव्हतं, ते मले समजतं. पण आई दर्यापूरले नाई, हे तुले कधी समजलं?"

शेखरला अजूनही खोटं बोलता आलं असतं. काल समजलं, असं म्हटलं असतं तर ते खोडून काढणारं तिथं कोणी नव्हतं. त्यानं आईच्या पावलांवरचे हात काढले.

"त्याच बुधवारी," तो म्हणाला. "चार वाजता."

चार वाजता हर्षाला एक फोन आला असता तर ती पाच वाजता वॉर्डाच्या दारातून आत आली असती. आई आणखी सात दिवस होती. सात दिवस दाराकडं बघत होती. हे हर्षाच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं शेखरनं पाहिलं, आणि त्याला वाटलं की ती आता आपल्याला मारेल. तिनं मारावं असं त्याला फार वाटलं.

दवाखान्याचा माणूस कागद घेऊन आला. देह ताब्यात घ्यायला जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. मुलगा आहे का, असं त्यानं विचारलं आणि शेखरकडे पेन धरला. शेखरचा हात पुढं झाला.

"मुलगी हाय," हर्षा म्हणाली, आणि तिनं पेन घेतला.